साक्षी की अनुमन्ता?

भारतीय युद्धाला आरंभ होण्यापूर्वी भगवान व्यास हस्तिनापुरास आले आणि हा संग्राम पाहण्याची इच्छा असेल तर दृष्टी देतो, असे त्यांनी आपल्या अंध पुत्राला सांगितले. धृतराष्ट्राने ती दृष्टी नाकारली. स्वकीयांचा संहार पाहणे त्याला नको होते. वृत्तान्त मात्र साद्यन्त ऐकावयाचा होता. तेव्हा ती दृष्टी संजयाला मिळाली. भीष्मपर्वाच्या प्रारंभीचा हा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्यातील एका गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. व्यासांनी संजयाला नुसते दर्शनाचे सामर्थ्य दिले नाही, तर शस्त्राघातापासून आणि श्रमापासून अभयही दिले. राजवाड्यात आसनावर बसून दूरचे पाहणाऱ्या मनुष्याला शस्त्रापासून अभय कशासाठी हवे?

याचे उत्तर महाभारतातच आहे. चित्रकारांनी आणि कीर्तनकारांनी संजयाला अंध राजाच्या चरणांपाशी कायमचे बसवून टाकले असले, तरी मूळ ग्रंथात तो दहाव्या दिवशी भीष्म पडल्याची वार्ता घेऊन रणभूमीवरून धावत आलेला आहे, आणि मागील दहा दिवसांची कथा, जीत गीताही आली, तो त्यानंतर सांगू लागतो. पुढे शल्यपर्वात तर तो सात्यकीच्या हाती सापडतो. त्याच्यावर खड्ग उगारले जाते आणि ऐन वेळी व्यास येऊन त्याला सोडवितात. संजय युद्धात होता, युद्धाच्या अगदी जवळ होता, परंतु त्याच्या हातून युद्ध घडत नव्हते. ही स्थिती मोठी विलक्षण आहे. गेल्या पावणेदोनशे वर्षांत हातात कॅमेरा घेऊन रणभूमीवर गेलेली माणसे नेमकी याच स्थितीत उभी राहिली आहेत, आणि त्यांच्यामागे व्यासांचा वर नाही.

१८५५ साली रॉजर फेंटन हा इंग्रज छायाचित्रकार क्रिमियाच्या युद्धावर गेला, तेव्हा एका मद्यविक्रेत्याची जुनी गाडी त्याने आपली काळोखी खोली म्हणून बरोबर नेली होती. काचेच्या ओल्या पट्टीवर चित्र उमटण्यास कित्येक सेकंद लागत. तेवढा वेळ समोरची वस्तू निश्चल राहिली पाहिजे. युद्धात निश्चल असते ती एक तर विश्रांती घेणारी सेना, नाही तर मृत सेना. फेंटनने मृतांची चित्रे घेतली नाहीत. पुढे १९२५ च्या सुमारास लायका हा मुठीत मावणारा कॅमेरा बाजारात आला, सेकंदाच्या पाचशेव्या भागात चित्र टिपता येऊ लागले, आणि छायाचित्रकार युद्धाच्या मागे राहण्याऐवजी युद्धाच्या आत शिरला. शब्दांनी वृत्तान्त लिहिणारा वार्ताहर दुसऱ्याच्या तोंडून ऐकून लिहू शकतो. छायाचित्रकाराला ती सवलत नाही. जे त्याच्या भिंगासमोर नाही, ते त्याच्यासाठी घडलेच नाही.

या सामीप्याची किंमत ठाऊक नसलेला यांतील कोणी नव्हता. गेर्डा टारो ही तरुणी स्पेनच्या यादवी युद्धात ब्रुनेतेच्या आघाडीवर रणगाड्याखाली सापडून २६ जुलै १९३७ रोजी वारली. तिला सत्ताविसावे वर्षही पूर्ण झालेले नव्हते. तिचा सहकारी रॉबर्ट कापा ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैनिकांबरोबर समुद्रात उतरून वाचला, आणि २५ मे १९५४ रोजी व्हिएतनाममध्ये भूसुरुंगावर पाय पडून चाळिसाव्या वर्षी गेला. १० फेब्रुवारी १९७१ रोजी लाओसवर पाडल्या गेलेल्या एकाच हेलिकॉप्टरात लॅरी बरोज, आंरी ह्युए, केंट पॉटर आणि केइसाबुरो शिमामोतो असे चौघे छायाचित्रकार होते. इंडोचीनच्या युद्धांत मेलेल्या किंवा बेपत्ता झालेल्या छायाचित्रकारांच्या स्मरणार्थ १९९७ साली जो ग्रंथ निघाला, त्यात दोन्ही पक्षांकडील मिळून १३५ जणांची नोंद आहे. १९७७ च्या जिनीव्हा पूरक कराराच्या ७९ व्या कलमाने संघर्षभूमीतील पत्रकाराला नागरिकाचे संरक्षण दिले आहे खरे. पण कागदावरील वराने गोळी अडत नाही. दिल्लीचा दानिश सिद्दिकी १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्डाक येथे मारला गेला, तेव्हा ते कलम अस्तित्वात येऊन चव्वेचाळीस वर्षे झाली होती.

मृत्यूचा धोका हा या व्यवसायाचा सोपा भाग आहे, असे म्हटले तर ते कठोर वाटेल. पण धोका पत्करणे हे शौर्याचे काम आहे, आणि शौर्याला काय करावयाचे याचा संदेह नसतो. अर्जुन गांडीव टाकून बसला तो भयाने नव्हे. खरे संकट धर्माचे असते.

त्यातील पहिले संकट सत्याचे आहे. १८५७ च्या नोव्हेंबरात लखनौच्या सिकंदरबागेत ब्रिटिश सेनेने सुमारे दोन हजार शिपाई कापून काढले. फेलिचे बेआतो हा छायाचित्रकार तेथे पोहोचला तो पुढच्या वसंत ऋतूत. त्याच्या प्रसिद्ध छायाचित्रात भग्न प्रासादासमोरच्या अंगणात मानवी हाडे इतस्ततः विखुरलेली दिसतात. ही हाडे छायाचित्रासाठी उकरून काढून मांडली गेली, असे तत्कालीन इंग्रज अधिकाऱ्याच्या आठवणींत नमूद आहे. १८६३ साली अमेरिकेच्या यादवी युद्धात गेटिसबर्ग येथे अलेक्झांडर गार्डनरच्या मंडळींनी एका तरुण सैनिकाचे प्रेत सुमारे चाळीस यार्ड उचलून नेऊन दगडांच्या आडोशाला ठेवले, शेजारी बंदूक उभी केली, आणि लपून गोळ्या झाडणाऱ्या नेमबाजाचे घर म्हणून ते चित्र विकले. ही गोष्ट शंभर वर्षांनी अभ्यासकांनी चित्रे एकमेकांशी ताडून उघडकीस आणली. संहार खोटा नव्हता, प्रेतही खोटे नव्हते. मांडणी खोटी होती. मेलेल्या माणसाला पुन्हा एकदा कामाला लावण्याचा हा प्रकार आहे, आणि त्याला विरोध करण्यास तो माणूसच उरलेला नसतो. ज्या वृत्तांताच्या आधारे दुसरे लोक शोक, क्रोध आणि युद्धाचे निर्णय करणार आहेत, त्यात स्वतःचे काही मिसळण्याचा अधिकार सांगणाऱ्याला नाही, एवढे संजयाकडून सहज शिकता येते. या प्रश्नावर फार चर्चा करण्याचे कारण नाही. येथे धर्म अवघड आहे पण अस्पष्ट नाही.

दुसरे संकट मात्र असे आहे की, त्यापुढे उत्तम माणसांचीही बुद्धी दोन वाटांनी गेली. त्यासाठी ढाक्यास जावे लागते.

१६ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी सेनेने ढाक्यात शरणागती पत्करली. नऊ महिने पूर्व बंगालच्या प्रजेने जे भोगले, ते जगापुढे आणण्यात छायाचित्रकारांचा वाटा मोठा होता. आपल्याकडील किशोर पारेख यांनीही कोणी पाठविलेले नसता स्वतः तेथे जाऊन जे टिपले, ते पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. शरणागतीनंतर दोन दिवसांनी, १८ डिसेंबर रोजी, शहरातील एका मैदानावर मुक्तिवाहिनीच्या एका सेनानीची विजयसभा झाली. हजारोंचा जमाव होता. सभा संपल्यावर, पाकिस्तान्यांना साह्य केल्याचा आरोप असलेल्या काही बंदिवानांना हात बांधून तेथेच मारहाण करण्यात आली आणि मग संगिनी भोसकून त्यांचा हालहाल करून वध करण्यात आला. परदेशी छायाचित्रकार जवळ उभे होते. त्यांतील काहींच्या मनात असे आले की, हे सर्व आपल्या कॅमेऱ्यांसाठी चालले आहे. आपण नसतो तर कदाचित हे होणार नाही. ते कॅमेरे खाली करून निघून गेले. हॉर्स्ट फास आणि मिशेल लोराँ हे दोघे थांबले. त्यांनी शेवटपर्यंत चित्रे घेतली, आणि त्या चित्रांना १९७२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

निघून गेलेले श्रेष्ठ की थांबलेले? थांबलेल्यांच्या बाजूने जे पहिले समर्थन सुचते, ते असे की छायाचित्रकार हा केवळ साक्षी आहे; तो मारत नाही, मारवीत नाही, तो पाहतो. हा युक्तिवाद आपल्या देशात तर फार लवकर पटतो, कारण साक्षी हा शब्द आपल्या कानांना पवित्र आहे. म्हणूनच तो नीट तपासून घेतला पाहिजे.

गीतेच्या तेराव्या अध्यायात देहात राहणाऱ्या परमपुरुषाला जी नावे दिली आहेत, त्यांत उपद्रष्टा आणि अनुमन्ता ही दोन एकापाठोपाठ येतात. भगवत्पूज्यपाद शंकराचार्यांनी पहिल्याचा अर्थ उलगडताना यज्ञमंडपाचा दृष्टांत घेतला आहे. ऋत्विज आणि यजमान कर्मात गुंतलेले असतात. त्यांच्या जवळच, पण कर्मात न गुंतलेला, यज्ञविद्या जाणणारा असा एक जण असतो, जो त्यांच्या कर्मातले गुणदोष पाहतो. तो उपद्रष्टा. युद्धाच्या छायाचित्रकाराचे याहून नेमके वर्णन करणे कठीण आहे: समीप आहे, कर्मात नाही, आणि पाहण्याच्या विद्येत निपुण आहे. परंतु लगेच पुढे अनुमन्ता येतो. त्याचे जे अर्थ आचार्य देतात, त्यांतील एक असा की, आपापल्या व्यापारात प्रवृत्त झालेल्यांना जो साक्षी असून कधीही निवारण करीत नाही, तो अनुमन्ता.

म्हणजे न अडविता पाहणे आणि अनुमती देणे यांत आचार्यांनी फारसे अंतर ठेवलेले नाही. परमात्म्याच्या बाबतीत यात दोष नाही, कारण त्याला हात नाहीत. तो अकर्ता आहे, म्हणून त्याचे न अडविणे हा अपराध होत नाही. मैदानावर उभ्या असलेल्या मनुष्याला हात आहेत. त्या हातांत कॅमेरा आहे, त्याची कळ दाबणे हे कर्म आहे, न दाबणे हेही कर्म आहे, आणि पाठ फिरवून निघून जाणे हे तर उघडच कर्म आहे. क्षणभरही कोणी कर्मावाचून राहू शकत नाही, हा जो तिसऱ्या अध्यायाचा सिद्धांत, त्यातून कॅमेरा हाती धरल्याने कोणाची सुटका होत नाही. आत्म्याचे साक्षित्व उसने घेऊन देहाच्या जबाबदारीतून मोकळे होण्याचा हा मार्ग कॅमेऱ्याच्या पूर्वीपासून अनेकांनी वापरलेला आहे. कौरवसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला, तेव्हा भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगितले आणि ते पाहत राहिले. त्याच सभेत विदुराने जुनी कथा सांगून हिशेब मांडला की, निंद्य कृत्याची निंदा जेथे होत नाही तेथे पापाचा अर्धा वाटा सभेच्या मुख्याकडे, एक चतुर्थांश कर्त्याकडे आणि उरलेला चतुर्थांश गप्प बसलेल्या सभासदांकडे जातो. तेथे सभासदांनी कोणालाही हात लावलेला नव्हता.

तेव्हा केवळ साक्षी या समर्थनावर फास आणि लोराँ यांना निर्दोष ठरविता येत नाही. पण विदुराचा हिशेब आणखी एकदा वाचला, तर दोष पाहण्याचा नाही, निंदा न करण्याचा आहे, हे ध्यानात येते. धर्मशास्त्रातही साक्षी म्हणजे पाहणारा एवढेच नव्हे. सभेत आल्यावर जो खरे बोलत नाही किंवा बोलतच नाही, तो साक्षी पापी ठरतो. त्या मैदानावर भाषेने निषेध करणे म्हणजे जमावाच्या आरोळीत एक आरोळी मिसळणे होते, आणि शस्त्रधारी जमावाच्या हातून बंदिवानांना सोडविण्याचे सामर्थ्य तेथे कोणाही परदेशी माणसाला नव्हते. जे निघून गेले त्यांनी, आपल्या उपस्थितीने वध घडत असेल तर तो घडू नये, म्हणून आपली उपस्थिती काढून घेतली. ही शुद्ध बुद्धी आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र ती फळास आली नाही, बंदिवान मेलेच. जे थांबले त्यांच्या चित्रांमुळे एक अप्रिय सत्य जगाला कळले: ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांच्याच बाजूचे लोक विजयानंतर दोनच दिवसांनी अत्याचार करू शकतात. त्या दिवसांत जगाची, आणि विशेषतः भारताची, सहानुभूती पूर्णपणे विजेत्यांकडे होती. अशा वेळी त्यांचे दुष्कृत्य दाखविणे हे शत्रूचे दुष्कृत्य दाखविण्याहून कठीण असते. गीतेतील समत्व व्यवहारात उतरले तर ते काहीसे असेच दिसेल.

पण एवढ्याने थांबणाऱ्यांचा पक्ष सिद्ध होतो, असे नाही. चित्राला मिळालेले पारितोषिक त्या पक्षाला दुबळे करते. मृत्यूच्या चित्राबद्दल मिळालेला मान स्वीकारताना आसक्तीचा स्पर्श किती झाला, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. लोराँ त्यानंतर पुन्हा युद्धावर गेला आणि २८ एप्रिल १९७५ रोजी, सायगाव पडण्याच्या दोन दिवस आधी, व्हिएतनाममध्ये मारला गेला. फासच्या दोन्ही पायांना १९६७ साली मोठी जखम झालेली होती. सुरक्षित जागेवरून त्यांचा न्याय करणाराने एवढे तरी लक्षात ठेवावे.

सत्य दाखविले तरी ते पूर्ण सत्य असतेच असे नाही. व्यासांनी दिलेल्या दृष्टीला उघड आणि गुप्त, दिवसा घडलेले आणि रात्री घडलेले, इतकेच काय पण मनात आलेले विचारही दिसत. भिंगाला यांतील फक्त उघड तेवढे दिसते, तेही एक क्षणभर. १ फेब्रुवारी १९६८ रोजी सायगावच्या रस्त्यावर दक्षिण व्हिएतनामचा पोलीसप्रमुख न्गुयेन न्गोक लोआन याने हात बांधलेल्या एका कैद्याच्या मस्तकात गोळी झाडली. त्याच क्षणी एडी अ‍ॅडम्सने कळ दाबली. कैद्याने त्यापूर्वी एका अधिकाऱ्याच्या कुटुंबाची हत्या केल्याचे सांगण्यात येत होते. तो आरोप खरा असला तरी रस्त्यावरचा तो वध न्याय्य ठरत नाही. तथापि एका चित्राने एक मनुष्य जन्मभरासाठी एका कृत्याइतकाच होऊन राहिला. लोआन पुढे अमेरिकेत गेला, तेथे त्याने एक खानावळ चालविली, आणि लोक तेथेही त्याला ओळखत. त्याच्या मृत्यूनंतर, १९९८ साली, अ‍ॅडम्सने लिहिले त्याचा आशय असा की सेनापतीने एकाला मारले आणि आपण कॅमेऱ्याने सेनापतीला मारले. ज्या चित्राने त्याला कीर्ती दिली, त्याचेच ओझे त्याने आयुष्यभर वाहिले. शस्त्र न धरणारा हातही मारू शकतो, हे कोणा टीकाकाराने नव्हे, त्या हाताच्या धन्याने म्हटले आहे.

व्हिएतनाममधील दुसरे एक चित्र याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. ८ जून १९७२ रोजी चांग बांग गावावर नापाम बाँब पडले आणि नऊ वर्षांची किम फुक जळालेल्या अंगाने, विवस्त्र, रडत रस्त्याने धावत आली. हे चित्र निक उट या तरुण छायाचित्रकाराच्या नावावर प्रसिद्ध झाले. अलीकडे त्याच्या कर्तृत्वाविषयी वाद उपस्थित झाला आहे. २०२५ साली जागतिक छायाचित्र पारितोषिक देणाऱ्या संस्थेने कर्त्याचे नाव स्थगित ठेवले, तर त्याच्या वृत्तसंस्थेने ते कायम ठेवले. कळ कोणी दाबली याचा निर्णय काहीही लागो. उटने त्या मुलीला वृत्तसंस्थेच्या गाडीत घालून कू ची येथील रुग्णालयात पोहोचविले, या कृत्यावर त्या वादाची छाया पडत नाही. ती वाचली. तेथे साक्षित्व आणि साह्य यांत निवड करण्याची वेळ आली नाही. एक झाले, मग दुसरे झाले, कारण दुसरे करणे शक्य होते. आणि जेथे शक्य असते तेथे चित्राचा अधिकार संपतो, याविषयी शंका घेण्यास जागा नाही.

जेथे शक्य होते की नाही हेच कळत नाही, तेथे काय घडते? मार्च १९९३ मध्ये यादवी युद्धाने आणि दुष्काळाने होरपळलेल्या सुदानात आयोड येथे केविन कार्टरने भुकेने जमिनीवर कोसळलेले बालक आणि त्याच्यामागे बसलेले गिधाड असे चित्र घेतले. रोगाच्या भयामुळे भुकेलेल्यांना स्पर्श करू नये, अशी सूचना तेथे होती. त्याने गिधाड हाकलले, आणि तो निघून आला. चित्र प्रसिद्ध होताच पुष्कळ वाचकांनी विचारले, त्या बालकाचे पुढे काय झाले? तुम्ही त्याला उचलले का नाही? १९९४ च्या एप्रिलमध्ये त्याला पुलित्झर मिळाले, त्याच महिन्यात त्याचा मित्र केन ऊस्टरब्रोक दक्षिण आफ्रिकेतील दंगलीत गोळी लागून मेला, आणि जुलैत कार्टरने स्वतःच्या आयुष्याचा अंत केला. त्याचे वय ३३ होते. ते बालक त्या दुष्काळातून वाचले होते, ही गोष्ट पुष्कळ वर्षांनी, २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. वाचकांचा प्रश्न अन्याय्य नव्हता. परंतु तो विचारणारे हातात वर्तमानपत्र घेऊन बसलेले होते, आणि ते चित्र नसते तर आयोड हे गाव पृथ्वीवर आहे हेही त्यांना कळले नसते. कार्टरने त्या बालकाला उचलावयास हवे होते, असे म्हणणेच योग्य आहे. मात्र ते म्हणताना आपण धृतराष्ट्राच्या आसनावरून बोलत आहोत, याचे भान फार थोड्यांना राहते.

आणि त्या आसनावर बसलेल्यांना हवे तेव्हा दृष्टी नाकारता येते. २८ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्ध थांबण्याच्या सुमारास, केनेथ जारेकी याने आपल्या वाहनातून बाहेर पडण्याचा प्रयत्न करीत असतानाच जळून कोळसा झालेल्या एका इराकी सैनिकाचे चित्र घेतले. अमेरिकेतील वृत्तसंस्थेने ते वृत्तपत्रांकडे जाऊच दिले नाही. लंडनच्या एका साप्ताहिकाने ते छापले, तेव्हा वाचकांनी छापणाऱ्यांवरच रोष केला. युद्ध शस्त्रास्त्रांच्या अचूकतेच्या कथा ऐकण्यात सरले होते. ऐकण्यास कोणाची हरकत नव्हती.

संजयाची ती दिव्य दृष्टी दुर्योधनाच्या मृत्यूबरोबर नाहीशी झाली, असे सौप्तिकपर्वात सांगितले आहे. पाहण्याचे काम संपले. पाहिलेले मात्र त्याच्याजवळ राहिले असणार. तो धृतराष्ट्राला सोडून गेला नाही. पुढे वृद्ध राजा, गांधारी आणि कुंती वनात गेली, तेव्हाही तो त्यांच्याबरोबर होता. एके दिवशी वनाला वणवा लागला. उपवासांनी क्षीण झालेल्या राजाला पळता येत नव्हते. संजयाने व्याकुळ होऊन आता काय करावे, असे विचारले. राजाने त्याला निघून जाण्यास सांगितले. संजयाने त्याला प्रदक्षिणा घातली, मन स्थिर करण्यास सुचविले, आणि तो अग्नीतून बाहेर पडला. ती तिघे जळून गेली. गंगेच्या तीरावर जे तपस्वी भेटले, त्यांना त्याने घडलेले सारे यथावत् सांगितले, त्यांचा निरोप घेतला आणि तो एकटाच हिमालयाकडे गेला.